प्रीरेक्विझिट एका स्टेटमध्ये आणि नर्सिंग स्कूल दुसऱ्या स्टेटमध्ये: सायन्सचे कोर्स निवडायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, २०११ ची पदवी, आता न्यू जर्सीत एडिसनला, एच-फोर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आधारलेला व्हिसा) वर पण ईएडी म्हणजे कामाची परवानगी हातात, मुलं शाळेत जायला लागली आणि आता आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स व्हायचंय. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) सायन्सचे प्रीरेक्विझिट, म्हणजे नर्सिंगच्या प्रवेशाआधी पुरे करायचे कोर्स, सुरू करायचेत, पण पुढच्या वर्षी नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे डॅलसला जायची दाट शक्यता आहे. तर कुठले कोर्स घेतले म्हणजे दोन्हीकडे चालतील, आणि बीएस्सीतलं मायक्रो धरतील का?

मी आधी हॉस्पिटलात फ्लोअरवर नर्स होते, आता बरीच वर्षं एका कम्युनिटी कॉलेजात प्री-नर्सिंगवाल्यांचे ट्रान्स्क्रिप्ट (कॉलेजच्या अधिकृत मार्कशीट) बघणं हेच काम आहे, त्यामुळे जरा पसरटच लिहिते, वाचून घ्या.

बीएस्सीच्या मायक्रोचं आधी सांगून टाकते म्हणजे मनात आशा नको. जवळपास सगळीकडे ते धरणार नाहीत. त्यात तुमची काही कमी नाही, दोन भिंती एकदम आड येतात. एक तर बहुतेक नर्सिंग प्रोग्राम सायन्सच्या कोर्सला वयाची अट लावतात, कुठे ५ वर्षं कुठे ७ कुठे १०, आणि तुमची पदवी त्याच्या बाहेर गेली. दुसरं म्हणजे त्या काळच्या पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर पेपर १, पेपर २, प्रॅक्टिकल आणि मार्क एवढंच असतं, क्रेडिट अवर (कोर्सचं वजन मोजायचं इथलं माप) नाहीत, लॅबचे तास वेगळे लिहिलेले नाहीत, आणि इथल्या माणसाला "चार क्रेडिट, लॅबसकट" असंच बघायची सवय. पदवीचा उपयोग आहे, चांगलाच आहे, पण तो दुसऱ्या जागी, खाली येते त्यावर.

आता मूळ मुद्दा. अमुक कोर्स "ट्रान्सफरेबल आहे" असं कुणी सांगितलं की लगेच विचारायचं, कुठे? आणि कशासाठी? कारण तुमच्या फाइलवर दोन वेगळी माणसं निर्णय घेतात. युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन किंवा रजिस्ट्रार ऑफिस बघतं की हे क्रेडिट आमच्याकडे घ्यायचे का. आणि नर्सिंग डिपार्टमेंट बघतं की ह्या कोर्सने आमचं प्रीरेक्विझिट सुटतं का. पहिल्याने हो म्हटलं तरी दुसरा नाही म्हणू शकतो आणि हे रोज होतं. चार क्रेडिटचा ॲनाटॉमी-फिजिओलॉजी तुमच्या ट्रान्स्क्रिप्टवर "बायोलॉजी इलेक्टिव्ह" म्हणून दिसतो, क्रेडिट मिळालेत, पदवीच्या बेरजेत धरलेत, आणि नर्सिंगच्या चेकलिस्टवर मात्र त्या रकान्यात काहीच नाही. आपल्याकडे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट मिळालं की झालं असं वाटायचं, तो हिशोब इथे डोक्यातून काढून टाका.

म्हणून कोर्सपासून सुरुवात करायचीच नाही. सुरुवात प्रोग्रामपासून करायची. न्यू जर्सीतले दोन-तीन आणि डॅलसकडचे दोन-तीन असे प्रोग्राम आत्ताच ठरवा, अगदी पक्के नाही, पण नावं लिहा. तुमच्याकडे मिडलसेक्स कॉलेज आहे, रारिटन व्हॅली आहे, रटगर्स आहे. तिकडे डॅलस कॉलेज, कॉलिन कॉलेज, यूटी आर्लिंग्टन, टेक्सस वुमन्स. ह्यात असोसिएट डिग्रीवाले (दोन वर्षांची पदवी) आहेत आणि बीएसएनवाले (नर्सिंगची बॅचलर पदवी) पण, दोघांची यादी वेगळी असते. प्रत्येकाच्या नर्सिंगच्या पानावर जाऊन प्रीरेक्विझिटची यादी काढा (कॉलेजच्या जनरल ट्रान्सफरच्या पानावरून नाही, नर्सिंगच्याच), आणि एका कागदावर आडवे प्रोग्राम उभे कोर्स असा तक्ता करा. किती क्रेडिट, लॅब हवी का, किमान ग्रेड काय, किती वर्षं जुना चालतो, ऑनलाइन लॅब चालते का. मग प्रत्येक ओळीत जो सगळ्यात कडक प्रोग्राम आहे त्याच्या अटीप्रमाणे कोर्स घ्यायचा. सहा प्रोग्राममधल्या एकाला चार क्रेडिट लॅबसकट हवंय आणि बाकी पाच जणांना तीन पण चालतं, तर चारच घ्यायचं. एवढं केलं तर निम्मी चिंता तिथेच संपते, आणि गंमत म्हणजे हे करणारे फार थोडे असतात, बाकीचे सगळे आधी रजिस्टर करतात आणि मग विचारायला येतात.

आता एकेक विषय.

ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी, म्हणजे सगळे म्हणतात ते एएनपी. पैसे, वेळ आणि ट्रान्सफरची भानगड, तिन्ही इथेच सगळ्यात जास्त. बहुतेक ठिकाणी दोन सेमिस्टर, प्रत्येकी चार क्रेडिट, तीन क्रेडिट लेक्चर आणि एक क्रेडिट लॅब, मिळून आठ. पहिल्यात साधारण पेशी, टिश्यू, त्वचा, हाडं, स्नायू, नर्व्हस सिस्टीम आणि दुसऱ्यात हॉर्मोन, रक्त, हृदय, इम्युनिटी, श्वसन, पचन, किडनी, रिप्रॉडक्शन. साधारण हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का, कारण कुठलं कॉलेज एंडोक्राइन पहिल्यात घेतं कुठलं दुसऱ्यात, स्पेशल सेन्सेसचं पण तसंच. म्हणजे एक भाग एडिसनला आणि दुसरा भाग डॅलसला केला तर एखादी सिस्टीम दोनदा होईल आणि एखादी अजिबात होणार नाही, आणि नर्सिंगवाले म्हणतील की दोन्ही एकाच ठिकाणहून हवेत. काही प्रोग्राम हे स्पष्ट लिहितातच. कॅलिफोर्नियात तर बऱ्याच कॉलेजांत ॲनाटॉमी वेगळा कोर्स आणि फिजिओलॉजी वेगळा, तिथला नुसता ॲनाटॉमी घेऊन दुसऱ्या स्टेटमध्ये गेलात तर त्याला ना भाग एक म्हणता येत ना भाग दोन. दोन्ही पूर्ण करून गेलात तर जोडी म्हणून सहसा धरतात.

तर तुमच्या बाबतीत नियम सरळ आहे: ही जोडी फोडायची नाही. डॅलसला जायच्या आधी दोन्ही सेमिस्टर पूर्ण होत असतील तरच न्यू जर्सीत सुरू करा. तारीख नक्की नसेल तर एएनपीला हात लावू नका, बाकीचे करा, एएनपी तिकडे गेल्यावर घ्या.

ह्याच्यात अजून एक सापळा. "इसेन्शियल्स", "सर्व्हे", "इंट्रोडक्टरी" असे शब्द नावात असलेला एकाच सेमिस्टरचा एएनपी असतो, मेडिकल असिस्टंट, कोडिंगवाले वगैरे लोकांसाठी. लवकर होतो म्हणून मोह होतो. टेक्ससमध्ये ह्याला वेगळा नंबरच आहे, बायॉल (म्हणजे बायोलॉजी) २४०४, आणि नर्सिंगला हवे असतात ते २४०१ आणि २४०२. नंबर जवळजवळ सारखे दिसतात म्हणून लोक फसतात.

टेक्ससचा विषय निघालाच आहे तर ते कॉमन नंबरिंग समजून घ्या, तुमच्या फार कामाचं आहे. तिथल्या पब्लिक कॉलेजांत पहिल्या दोन वर्षांच्या कोर्सना एकच सामाईक नंबर असतो. चार आकड्यांतला पहिला म्हणजे कुठल्या वर्षाचा, दुसरा म्हणजे किती क्रेडिट. २४०१ म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, चार क्रेडिटचा. नर्सिंगसाठी साधारण लागतात ते एएनपी २४०१-२४०२, मायक्रो २४२० किंवा २४२१, केमिस्ट्री १४०६ किंवा १४११, स्टॅटिस्टिक्स मॅथ १३४२, लाइफस्पॅन सायकॉलॉजी २३१४, न्यूट्रिशन बायॉल १३२२. म्हणजे न्यू जर्सीत कुठलाही कोर्स घेताना तुम्ही त्याचं वर्णन ह्या टेक्ससच्या वर्णनाशेजारी ठेवून बघू शकता. स्टेटच्या बाहेरून आलेल्या कोर्सला तो नंबर आपोआप मिळत नाही, तिथलं ऑफिस मॅन्युअली बघतं, पण वर्णन आणि क्रेडिट जुळत असेल तर वाद घालायला जागा राहत नाही.

न्यू जर्सीच्या आतल्या आत बघायला एनजे ट्रान्सफर ही साइट आहे, कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घातला की कुठल्या युनिव्हर्सिटीत काय म्हणून धरतात ते दिसतं. कॅलिफोर्नियावाल्यांना तशीच असिस्ट नावाची साइट. फ्लोरिडात पण टेक्सससारखं स्टेटभर एकच नंबरिंग, तिथे नंबरच्या शेवटी सी असेल तर लेक्चर-लॅब एकत्र आणि एल असेल तर नुसती लॅब, म्हणजे लेक्चर घेतलं आणि एल घ्यायची राहिली असं करू नका. ट्रान्सफरॉलॉजी नावाची साइट अनेक स्टेट एकत्र दाखवते, चांगली आहे, पण ह्या सगळ्या साइट पहिल्या माणसाचं उत्तर देतात, म्हणजे रजिस्ट्रारचं. नर्सिंगवाल्याचं नाही.

वॉशिंग्टन स्टेटमध्ये कुणी असेल तर त्यांच्यासाठी एक हिशोब, कारण सिॲटलकडची मंडळी हे नेहमी विचारतात. तिथली कम्युनिटी कॉलेजं क्वार्टर पद्धतीची. एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर क्रेडिट. तिथला एएनपी पाच-पाच क्रेडिटचे दोन कोर्स, एकूण दहा, ऐकायला भरपूर वाटतं, पण सेमिस्टरमध्ये ते होतात ६.६७, आणि समोरच्याला हवे आहेत आठ. कुठे चालवून घेतात, कुठे नाही, म्हणून तिथून बाहेर जाणाऱ्यांनी आधीच विचारावं.

मायक्रोबायोलॉजी. तुम्हाला हा कोर्स परत घ्यावा लागेल आणि खरं सांगू का, घ्या आनंदाने. ग्रॅम स्टेन, स्ट्रीक प्लेट, अननोन बॅक्टेरिया ओळखून त्याचा रिपोर्ट लिहिणं, हे सगळं तुम्ही नाशिकला केलेलं आहे, इथल्या वर्गात निम्म्या पोरांनी लूप पहिल्यांदा हातात धरलेला असतो. इथे ए मिळवणं तुम्हाला जड नाही आणि तो ए तुमच्या सायन्स जीपीएत (सायन्सच्या ग्रेडच्या सरासरीत) जातो, त्याची किंमत पुढे सांगते. फक्त नॉन-मेजर का मेजर (सायन्समध्येच पदवी करणाऱ्यांसाठीचा) हे बघा. टेक्ससचा २४२० नॉन-सायन्स मेजरचा आणि २४२१ सायन्स मेजरचा, नर्सिंगला सहसा दोन्ही चालतात, पण यादीत बघूनच घ्या. महत्त्वाचं म्हणजे चार क्रेडिट आणि लॅब. तीन क्रेडिटचा लॅबशिवायचा "मायक्रोब्स अँड सोसायटी" छाप कोर्स कुणीही घेऊ नका.

केमिस्ट्रीत प्रोग्रामांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. काहींना लागतच नाही. काहींना एक सेमिस्टरची इंट्रोडक्टरी, ॲलाइड हेल्थवाल्यांची केमिस्ट्री हवी असते ज्यात जनरल, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री तिन्ही थोडं थोडं येतं. लोकांना वाटतं की आपण मेजरवाली जनरल केमिस्ट्री वन घेतली म्हणजे ती वरचढ, कुठेही चालेल. बहुतेक ठिकाणी चालते. पण तिच्यात ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री नसतेच जवळजवळ, मोल आणि स्टॉइकिओमेट्री आणि गॅस लॉ ह्यातच सेमिस्टर जातं, आणि ज्या प्रोग्रामला कार्बोहायड्रेट-लिपिड-प्रोटीनवाली हवीय तो नाही म्हणू शकतो. अवघड म्हणजे जास्त चांगलं हा आपल्याकडचा विचार इथे उपयोगाचा नाही. यादीत जे नाव आहे तेच घ्या.

स्टॅटिस्टिक्स तीन क्रेडिटचं, मॅथ डिपार्टमेंटचं घेतलंत तर कुणी विचारत नाही, सायकॉलॉजीवाल्यांचं कधीकधी अडतं. कॅल्क्युलस त्याच्या जागी चालत नाही, कितीही चांगले मार्क असले तरी. लाइफस्पॅन डेव्हलपमेंट म्हणजे जन्मापासून मरेपर्यंत, नुसतं चाइल्ड डेव्हलपमेंट घेतलं तर ते वाया, आणि ह्याच्या आधी बऱ्याच ठिकाणी जनरल सायकॉलॉजी लागतं ते धरून चला. न्यूट्रिशन काही प्रोग्राम मागतात काही नाही. इंग्लिश कॉम्पोझिशन तुम्हाला लागेल बहुतेक, इंग्लिश मीडियममधली बीएस्सी असली तरी.

ऑनलाइन लॅबबद्दल ग्रुपवर फार उलटसुलट सांगतात. कोविडमध्ये सगळ्यांनीच घेतल्या, तेव्हाच्या चालतात असं बऱ्याच प्रोग्रामनी लिहून ठेवलंय, पण त्यानंतर काही ठिकाणी परत ऑन-कॅम्पस लॅबची अट आली आणि काही ठिकाणी ऑनलाइन कायमची चालू झाली. तुम्ही दोन स्टेटमध्ये अर्ज करणार, तर लॅब समोरासमोरचीच घ्या. मुलांमुळे वेळ नसेल तर हायब्रिड बघा, लेक्चर घरून आणि लॅब आठवड्यातून एकदा कॉलेजात, साधारण तीन तास. ट्रान्स्क्रिप्टवर ऑनलाइन असं लिहून येत नाही म्हणून खपवून घ्या असा सल्ला कुणीतरी देईलच, तो घेऊ नका, काही फॉर्मवर कोर्स कसा केला हे विचारून सही घेतात आणि खोटं सापडलं तर ॲडमिशन जाते.

आणि ते महिना भरा, स्वतःच्या वेगाने शिका, सहा आठवड्यांत एएनपी संपवा असे कोर्स विकणाऱ्या कंपन्या आहेत ना, त्यातल्या काहींचे क्रेडिट हे कॉलेजचे नसतातच, एस म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन नावाच्या संस्थेने फक्त शिफारस केलेली असते. ती शिफारस स्वीकारायची की नाही हे प्रत्येक कॉलेज ठरवतं आणि नर्सिंगवाले लॅब सायन्सच्या बाबतीत बहुतेक वेळा नाही म्हणतात. ट्रान्स्क्रिप्ट कुठल्या ॲक्रेडिटेड कॉलेजच्या नावाने येणार हा प्रश्न विचारा, उत्तर गोल गोल आलं तर सोडून द्या. साध्या काउंटी कॉलेजात (जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेजात) हा प्रश्न येत नाही. न्यू जर्सीत आपल्या काउंटीच्या कॉलेजात घेतलं तर फी पण कमी, दुसऱ्या काउंटीत जास्त. टेक्ससला गेल्यावर रेसिडेंट फीसाठी (तिथल्या रहिवाशांच्या कमी फीसाठी) साधारण १२ महिने तिथे राहिलेलं असावं लागतं, म्हणजे पहिल्या वर्षात तिथे घेतलेला प्रत्येक कोर्स महाग पडू शकतो, हे पण तुमच्या गणितात धरा. तुमच्यासाठी "जे न्यू जर्सीत सुरक्षितपणे उरकता येईल ते इथेच उरका" ह्याच्यामागे हे एक कारण आहे.

आता क्रम. सगळे उत्साहात एएनपी आधी घेतात कारण तेच खरं नर्सिंग वाटतं. मी उलटं सांगते. ज्यांना एक्स्पायरी नसते किंवा क्वचित असते ते आधी: इंग्लिश, सायकॉलॉजी, लाइफस्पॅन, स्टॅटिस्टिक्स. ज्यांना वर्षं मोजतात ते सायन्सवाले अर्जाच्या जवळ. घरात आजारपण झालं, बाळंतपण आलं, ग्रीन कार्डची भानगड झाली, वर्ष-दोन वर्षं गेली, तरी स्टॅटिस्टिक्स तसंच राहतं आणि एएनपीचं घड्याळ चालू असतं. दुसरं म्हणजे अभ्यास सुटून तुम्हाला बरीच वर्षं झालीत, इथल्या पद्धतीत, कॅनव्हास ह्या कॉलेजच्या ऑनलाइन साइटवर असाइनमेंट, दर आठवड्याला क्विझ, ह्यात रुळायला पहिलं सेमिस्टर हलकं असलेलं बरं. एएनपीत रुळायला गेलं की पहिल्या परीक्षेलाच हाडांच्या प्रत्येक खाचेचं नाव येतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: तुमच्या कॉलेजात एएनपी वनच्या आधी काय लागतं. कुठे जनरल बायोलॉजी, कुठे केमिस्ट्री, कुठे प्लेसमेंट टेस्ट. प्रीरेक्विझिटचंच प्रीरेक्विझिट. इथे तुमची बीएस्सी कामाला येऊ शकते, कॉलेजच्या बायोलॉजी डिपार्टमेंटला मार्कशीट दाखवून ओव्हरराइड मागा, म्हणजे ती अट माफ करा म्हणा, ते बऱ्याचदा देतात कारण हा निर्णय त्यांच्या हातातला असतो, बाहेरच्या नर्सिंग स्कूलशी त्याचा संबंध नाही. एक सेमिस्टर वाचतं.

ग्रेडबद्दल. यादीत "किमान सी" लिहिलेलं असतं, ते वाचून निवांत होऊ नका. सी मायनस म्हणजे सी नाही, आधी ते. आणि किमान सी म्हणजे अर्ज उघडून बघतील एवढंच, सीट मिळेल असं नाही. निवड बहुतेक ठिकाणी पॉइंटवर होते, त्यात सायन्स जीपीए आणि टीज किंवा हेसी ह्या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ह्यांचं वजन मोठं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत वापरतात त्या एका फॉर्म्युल्यात तर ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रो ह्या तिघांचा वेगळा जीपीए काढतात आणि ते कितीदा रिपीट केले हे सुद्धा मोजतात. रिपीटची मर्यादा इतर स्टेटमध्ये पण असते, काही ठिकाणी डब्ल्यू म्हणजे मध्येच सोडलेला कोर्स पण प्रयत्न म्हणून धरतात. नर्सिंगकॅस (अनेक प्रोग्रामना एकत्र अर्ज करायची साइट) मधून अर्ज केला तर पहिला आणि दुसरा दोन्ही ग्रेड हिशोबात जातात, कॉलेजने ट्रान्स्क्रिप्टवर जुना ग्रेड माफ केलेला असला तरी. पास-फेल कधीच घेऊ नका. म्हणून उन्हाळ्यात सहा आठवड्यांत एएनपी उरकायचा मोह टाळा, मुलांना सुट्टी, घरी सासूबाई-सासरे भारतातून आलेले, आणि दर चार दिवसांनी परीक्षा, त्यात बी चा सी व्हायला वेळ लागत नाही. एका वेळी एएनपी आणि फार तर एक बिनलॅबचा कोर्स, एवढंच.

टीजमध्ये एकूण १७० प्रश्न, त्यातले ५० सायन्सचे आणि त्यात ॲनाटॉमी-फिजिओलॉजीच जास्त, त्यामुळे एएनपी टू संपल्यावर लगेच ती परीक्षा दिलेली बरी. टेक्ससमध्ये बऱ्याच ठिकाणी हेसी मागतात, ती वेगळी, एकाचा स्कोअर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आता पदवीचं. वेस किंवा ईसीई ह्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या एजन्सींकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्या, नुसतं डॉक्युमेंटवालं स्वस्त असतं ते नको. ह्याचा उपयोग एएनपी-मायक्रो सोडवायला नाही, तर दोन गोष्टींना. एक, काही बीएसएन प्रोग्राम पदवी असलेल्यांना हिस्टरी, आर्ट असल्या जनरल एज्युकेशनच्या कोर्सातून सूट देतात. दोन, ॲक्सिलरेटेड बीएसएन, जो पदवीधरांसाठीच असतो आणि साधारण वर्ष-दीड वर्षात होतो. तिथे आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीचा प्रश्न येतो. कुठली एजन्सी तिला इथल्या बॅचलरच्या बरोबरीची धरते, कुठली तीन वर्षांचं शिक्षण म्हणते, आणि प्रोग्राम पण कुठल्या एजन्सीचा रिपोर्ट घेणार ते ठरवून ठेवतात. म्हणून आधी प्रोग्रामला विचारा की कुणाचा रिपोर्ट चालतो आणि तीन वर्षांची पदवी घेता का, मगच पैसे भरा. टोफेलचं पण त्याच पत्रात विचारून घ्या. (ज्यांनी भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलंय त्यांनी ह्या वाटेला जाऊच नये, तुम्हाला क्रेडेन्शियल तपासून थेट एनक्लेक्सचा (नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा) मार्ग आहे.)

विचारायचं ते ईमेलवर. फोनवर गोड बोलतात आणि सहा महिन्यांनी त्या टेबलावर दुसरीच व्यक्ती बसलेली असते. ईमेल नर्सिंगच्या ॲडव्हायजिंगला पाठवा, जनरल ॲडमिशनला नाही, आणि "माझे कोर्स ट्रान्सफर होतील का" असं विचारू नका, त्याला उत्तर येतं "अर्ज करा मग बघू". कॉलेजचं नाव, कोर्सचा नंबर, क्रेडिट, लॅब समोरासमोर, कुठल्या सेमिस्टरला घेणार, आणि सिलॅबस जोडून सरळ विचारा की ह्याने तुमचं अमुक प्रीरेक्विझिट पूर्ण होतं का, हो की नाही. एका ईमेलात तीनच कोर्स, जास्त घातले की उत्तर लांबतं. आलेलं उत्तर पीडीएफ करून ठेवा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, लॅबची आठवडावार यादी आणि त्या वर्षीच्या कॅटलॉगमधलं वर्णन कोर्स चालू असतानाच उतरवून घ्या, कोर्स संपला की कॅनव्हासचा ॲक्सेस जातो आणि नंतर प्रोफेसरला शोधत बसावं लागतं. कोर्स नाकारला गेला तर इक्विव्हॅलन्सीसाठी पिटिशन करता येते आणि तेव्हा हाच कागद चालतो. ह्या पिटिशनमध्ये लॅबची यादी जोडलेली असली की लोकांचं काम होताना मी पाहिलंय, नुसत्या विनंतीने होताना फारसं नाही.

एच-फोर वर शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही. फेडरल एड म्हणजे सरकारची शिक्षणासाठीची मदत मात्र मिळणार नाही. ईएडी आहे म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, तो क्लिनिकलच्या (हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगच्या) बॅकग्राउंड चेकला आणि पुढे लायसन्सला सोपा पडतो, नसलेल्यांनी आपापल्या स्टेट बोर्डाचं आधी वाचावं.

तर तुमच्या जागी मी असते तर येत्या फॉल सेमिस्टरला मिडलसेक्सला स्टॅटिस्टिक्स आणि जनरल सायकॉलॉजी घेतलं असतं, इंग्लिश कॉम्पोझिशन लागत असेल तर ते पण, आणि तेवढ्यात डॅलसचं काय होतंय ते कळेल. जायचं ठरलं तर स्प्रिंगला लाइफस्पॅन, न्यूट्रिशन आणि जमलं तर मायक्रो, कारण तो एकटा कोर्स आहे, जोडीचा नाही आणि तुम्हाला सोपा जाणार. त्याला आधी एएनपी किंवा बायोलॉजी मागत असतील तर तिथेच तुमची बीएस्सी पुढे करा. एएनपी तिकडे, २४०१ आणि २४०२ एकाच कॉलेजात. जायचं रद्द झालं तर स्प्रिंगला एएनपी वन, पुढच्या फॉलला टू, इथेच.

आणि नाशिकचं काम आजच सुरू करा कारण ते तुमच्या हातात नाही. वेसला ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, तुमच्या पदवीवर नुसतं पुणे विद्यापीठ असेल आणि आता येणाऱ्या कागदावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१४ ला नाव बदललं, ते वेसला माहीत असतं त्यामुळे घाबरू नका. पण तुमचं लग्नाआधीचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट सोबत लागेल. अर्ज ऑनलाइन भरता आला तर उत्तम, नाहीतर भावाला किंवा वडिलांना ऑथॉरिटी लेटर देऊन पाठवा, आणि तिकडे गेल्यासरशी कॉलेजातून त्या वर्षांच्या मायक्रोबायोलॉजीच्या सिलॅबसवर सही-शिक्का घेऊन यायला सांगा, ओव्हरराइड मागताना तो लागेल.